आबांचा खोकला खरा आहे

प्रश्न : पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या. नवरा चाकणला कंपनीत, शनिवारी रात्री घरी येतो. घरात त्या, दोन मुलं आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. वय ६७, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, गावच्या भजनी मंडळात पुढचा आवाज त्यांचा. दीड वर्षापूर्वी बीपी निघालं. तालुक्याच्या डॉक्टरांनी रामिप्रिल आणि अम्लोडिपिन सुरू केल्या, पुढे केव्हातरी अम्लोडिपिन पाच मिलिग्रॅमची दहा केली. गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांनी आबांना कोरडा खोकला लागला. ताई लिहितात, "अभंगाचं चरण अर्ध्यावर तुटतं, मग ते टाळ खाली ठेवून बाहेर जाऊन बसतात." संध्याकाळी पाय सुजतात, चपलेच्या पट्ट्याचे वळ उठतात. ताईंनी ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला, मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणलं. गेल्या आठवड्यात तुळशीवृंदावनाच्या मातीत त्यांना अर्धवट विरघळलेल्या गोळ्या सापडल्या. तीन आठवड्यांपासून आबा गोळ्या घेतच नव्हते. त्यांनी ते कबूल केलं आणि मुलाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. खोकला निम्म्यावर आलाय, पायही उतरलेत. आबा म्हणतात, "बघ, आजार गोळीचाच होता." पण गावातल्या आरोग्य शिबिरात बीपी १७२/९८ भरलं. मंडळातल्या एकांनी सर्पगंधेचं चूर्ण आणून दिलंय. ताईंचे प्रश्न असे : शपथ मोडू का? गोळ्या कुटून आमटीत घालू का? "गोळी दिली तर गाणं जातं, नाही दिली तर माणूस जायची भीती. मी काय निवडू?" आणि शेवटी, "कोजागिरीला काकडा सुरू होतो, तोवर त्यांचा आवाज परत येईल का?"

उत्तर :

ताई, आमटीत गोळी घालू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

तीन आठवडे बंद असलेल्या दोन गोळ्या एकदम पुऱ्या डोसने पोटात गेल्या, तर रात्री लघवीला उठताना आबांना घेरी येऊ शकते. ते पडले तर का पडले, हे तुमच्याशिवाय कुणालाच कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. त्यात आमटी म्हणजे मोजून द्यायची वस्तू नव्हे. कधी वाटीभर जाईल, कधी दोन घास, कधी नातवाच्या ताटात. काही गोळ्या पोटात हळूहळू सुटाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. याहून मोठं कारण मला वेगळंच वाटतं. आबा शुद्धीवर असलेले, विचार करणारे गृहस्थ आहेत. तुमच्या हातच्या जेवणात काही मिसळलेलं आहे असा संशय एकदा आला, की पुढे ते तुमच्या हातून पाणीही विचार करून घेतील. आज त्यांनी खरं तुमच्यापाशी कबूल केलंय, मुलापाशी नाही. तो विश्वास घालवू नका. तो आपल्याला लागणार आहे.

आता आबांच्या म्हणण्याकडे येते. गोळ्या फेकल्या म्हणून तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. पण त्यांनी नेमकं काय केलं ते पाहा. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांनी खोकला लागला. गोळ्या बंद केल्या आणि तीन आठवड्यांत खोकला निम्मा झाला. आयुष्यभर मुलांना प्रयोग शिकवलेल्या माणसाने स्वतःवर प्रयोग करून पाहिला आणि जे दिसलं ते अचूक सांगितलं. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष तेवढा चुकला. खोकला गोळीचा होता, बीपी गोळीचं नव्हतं. बीपी आधीपासून होतं आणि अजून आहे.

हा खोकला रामिप्रिलच्या घराण्याचा ओळखीचा त्रास आहे. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्या सगळ्या या घराण्यातल्या. शरीरात एक विकर (एन्झाइम) असतं, ते रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ तयार करतं. या गोळ्या त्या विकराला अडवतात, म्हणून बीपी उतरतं. पण तेच विकर ब्रॅडिकिनिन नावाच्या दुसऱ्या एका पदार्थाचा निचराही करत असतं. विकर अडलं की ब्रॅडिकिनिन साठतं, श्वासनलिका हुळहुळी होते आणि घशात कुसळ अडकल्यासारखा कोरडा ढास लागतो. कफ नाही, ताप नाही, नुसती उबळ. साधारण दहा जणांत एकाला हा त्रास होतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. पहिल्याच आठवड्यात होतो तसा काही महिन्यांनीही होतो. म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि पुष्कळदा आम्हा डॉक्टरांच्याही नाही.

हे मी कबुली म्हणून लिहिते आहे. ओपीडीत बसत होते तेव्हा एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या. वर्गात बोलता येत नाही, म्हणायच्या. मी त्यांना दोनदा ॲलर्जीची गोळी दिली, एकदा थुंकी तपासायला पाठवलं, छातीचा फोटो काढला. थुंकीची तपासणी चूक नव्हती. आपल्या देशात दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी झालीच पाहिजे, आणि आबांची झाली नसेल तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. पण मीच लिहून दिलेली बीपीची गोळी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "मॅडम, मी आठ दिवस गोळी चुकवली होती, तेव्हा बरं वाटलं." त्या खालमानेने, अपराध्यासारख्या हे सांगत होत्या. खरं तर निदान त्यांनी केलं होतं.

पायांच्या सुजेचं कारण दुसरी गोळी असावी, अम्लोडिपिन. ती लहान धमन्या रुंद करते. पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या रुंद होत नाहीत. आत येणारी वाट मोठी आणि बाहेर जाणारी तेवढीच, म्हणून केशवाहिन्यांतून पाणी झिरपून घोट्यापाशी उतरतं. सकाळी पाय बरे असतात, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी सुजतात, बोट दाबलं की खड्डा पडतो. पाचच्या गोळीपेक्षा दहाच्या गोळीला हा त्रास बराच जास्त दिसतो. आबांची सूज डोस वाढवल्यानंतरच आली का, ते आठवून पाहा. अशी सूज म्हणजे किडनी गेली असा अर्थ होत नाही, आणि गावात पहिली भीती तीच घातली जाते. मात्र एकच पाय सुजला, सकाळी चेहरा सुजलेला दिसला, लघवी कमी झाली किंवा आडवं पडल्यावर दम लागला, तर ते प्रकरण वेगळं. त्याची तपासणी लगेच करायची. आणि मेडिकलवाल्याकडून 'पाणी काढायची गोळी' परस्पर आणू नका. या प्रकारच्या सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही, उलट रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घटतं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबले त्याबद्दल. गोळी दिली तर गाणं जातं, नाही दिली तर माणूस. ताई, तुम्ही दोनच दारं पाहता आहात, आबाही तीच दोन पाहतात. म्हणून तुम्ही एका दारात उभ्या आहात आणि ते दुसऱ्या. 'बीपीची गोळी' अशी एक वस्तू नाहीच. या आजारावर वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी औषधांची चार-पाच घराणी आहेत, आणि एकाचा त्रास दुसऱ्याला होईलच असं नाही. 'प्रिल'ने खोकला आला तर पुष्कळदा 'सार्टन' देतात, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे. त्या ब्रॅडिकिनिनच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे हा खोकला त्यांच्याने सहसा येत नाही. सुजेसाठी अम्लोडिपिन पुन्हा पाचवर आणता येते किंवा सिल्निडिपिनसारखी कमी सूज आणणारी गोळी देता येते. आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगळ्या घराण्यांच्या छोट्या गोळ्या एकत्र दिल्या, तर बीपी जास्त उतरतं आणि त्रास कमी होतो. 'दोन गोळ्या म्हणजे आजार वाढला' असं समजून कुणी घाबरू नये.

यातलं आबांना काय चालेल ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. त्यांना हृदयाचा किंवा किडनीचा काही वेगळा त्रास असेल, तर रामिप्रिल मुद्दाम निवडलेली असू शकते. म्हणून हे नाव घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका. नवी गोळी लिहून मिळाली की जुनी पाकिटं घरातून काढून टाका. प्रिल आणि सार्टन एकत्र घ्यायच्या नसतात, आणि घाईच्या सकाळी दोन्ही डबीत पडणं फार सोपं आहे.

आता एक अवघड गोष्ट सांगते, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही मायेने देत असलेला ज्येष्ठमधाचा काढा आजपासून थांबवा. ज्येष्ठमध घशाला बरं वाटायला लावतं हे खरं. पण त्यातला गोड घटक रोज पोटात गेला, की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवू लागतात, पोटॅशियम लघवीवाटे जातं आणि बीपी वाढतं. एखाद्या दिवशी कांडी चघळली तर काही होत नाही. महिनोन्‌महिने दोन वेळचा काढा हे वेगळं. मेडिकलमधून आणलेल्या बाटलीवरही नजर टाका. फिनाईलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असं काही त्यावर लिहिलेलं असेल, तर तो घटक रक्तवाहिन्या आवळतो. म्हणजे बीपीच्या गोळीने खोकला आला, खोकल्याच्या औषधाने बीपी वाढवलं, वाढलेलं बीपी पाहून गोळीचा डोस वाढला, आणि डोसाने पाय सुजले. तुमच्या घरात हे चक्र फिरलं असण्याची शक्यता आहे. दोष कुणाचा नाही, कारण काढा चालू आहे हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. भजनाला मांडी घालून बसून गुडघे दुखतात म्हणून आबा डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेत असतील, तर तीही या यादीत धरा. त्या गोळ्या बीपी चढवतात आणि किडनीवर ताण आणतात.

सर्पगंधेबद्दल. मंडळातल्या गृहस्थांनी चांगल्या मनाने चूर्ण दिलंय, आणि त्यांचं म्हणणं अगदी निराधार नाही. सर्पगंधेने बीपी उतरतं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपल्या रुग्णांवरचे अनुभव मांडले आणि ही मुळी जगभर पोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि पुढची काही वर्षं ते बीपीचं मोठं औषध होतं. मागे का पडलं? नाक चोंदायचं, अंग जड व्हायचं आणि काही रुग्ण खोल उदासीत जायचे. मूठभर चूर्णात ते द्रव्य किती आहे हे मोजायची सोय तुमच्याकडे नाही, मंडळातल्या गृहस्थांकडेही नाही. ज्या माणसाचं गाणं अडलंय म्हणून आपण एवढे अस्वस्थ आहोत, त्याला मन विझवू शकणारं औषध मोजमापाशिवाय देऊ नका. 'झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात' हे वाक्य मी रोज ऐकते. ज्याचा शरीरावर परिणाम होतो त्याचा नको असलेला परिणामही होऊ शकतो, मग ते मुळीतून येवो नाहीतर कारखान्यातून. रामिप्रिलच्या घराण्याची सुरुवातसुद्धा निसर्गातूनच झाली आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषातल्या घटकांवरून कॅप्टोप्रिल हे पहिलं औषध घडलं, आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आबांना हे सांगून पाहा. मास्तरांना आवडेल.

शपथेचं काय? तुम्ही ती मोडावी असं मी म्हणणार नाही, आणि पाळत बसा असंही नाही. आबांनी ती का घातली, हे आधी पाहा. तुम्हीच लिहिलंय की तुमचे मिस्टर फोनवर त्यांना ओरडतात, "एवढं करून तुम्ही ऐकत नाही". मुलगा काळजीपोटी ओरडतो, पण बापाला ऐकू येतं ते ओरडणं. खोकला येतो म्हटल्यावर त्यांना एकदा कुणी विचारलं असतं, "गोळीमुळे असेल का?", तर गोळ्या मातीत गेल्याच नसत्या. तेव्हा मुलाच्या आधी आबांशी बोला. शांत वेळ बघा, संध्याकाळी अंगणात बसले असतील तेव्हा. साधारण असं म्हणता येईल : "आबा, खोकला गोळीचाच होता, तुमचं बरोबर निघालं. त्यावर दुसरी गोळी असते म्हणे, गाणं न अडवणारी. ती आणायला गुरुवारी तालुक्याला जाऊ. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. पण बीपी एवढं असताना मी गप्प बसले आणि तुम्हाला काही झालं, तर मला जन्मभर झोप लागणार नाही. गुरुवारी आपण गेलो नाही, तर मी ह्यांना सांगणार. पाठीमागे सांगणार नाही, तुम्हाला सांगून सांगणार."

शेवटचं वाक्य धमकीसारखं वाटलं तर तुमच्या शब्दांत मांडा, पण गाळू नका. गुपित ठेवणं एक आणि धोक्यात सामील होणं वेगळं. ही सीमा त्यांना आधीच दाखवली, तर पुढे दगा झाला असं वाटणार नाही.

आणखी एक विचारू? गोळ्यांची डबी तुम्ही भरता, काढा तुम्ही उकळता, शिबिरात तुम्ही नेता, गोळ्या सापडल्यावर रात्रभर जागलात तुम्ही. पत्रात तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, म्हणूनच मला जास्त जाणवलं. हे काम एकट्या सुनेचं कसं झालं? मिस्टरांना कळल्यावर त्यांना एक नेमकं काम द्या. दर रविवारी सकाळी आबांचं बीपी त्यांनी मोजायचं आणि वहीत लिहायचं. पाच मिनिटं वडिलांशेजारी बसावं लागेल, तेवढा वेळ ओरडणं होत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या : "तीन आठवड्यांपासून गोळ्या बंद आहेत." ते अवघड जाईल. पण हे लपलं, तर १७२ पाहून डॉक्टर समजतील की दोन गोळ्या चालू असून बीपी उतरत नाही, आणि तिसरी जोडतील. माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत असंच घडलं. ते गोळ्या खिशात ठेवत, मी डोस वाढवत गेले. पुढे पायाच्या ऑपरेशनसाठी ते दवाखान्यात भरती झाले, तिथल्या परिचारिकेने चिठ्ठीप्रमाणे सगळ्या गोळ्या वेळेवर दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी उठून उभे राहताना ते कोसळले. वाचले. चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. तेव्हापासून मी रुग्णाला "गोळ्या घेता ना?" असं विचारायचं सोडलं. त्याचं उत्तर 'हो'च येतं. मी विचारते, "आठवड्यात किती वेळा चुकते?"

सोबत पिशवी न्या. चालू गोळ्या, बंद गोळ्या, काढ्याची पुडी, खोकल्याची बाटली, चूर्ण, वेदनाशामक, सगळं त्या पिशवीत. खोकला कधी लागला, सूज कधी आली, गोळी बंद केल्यावर किती दिवसांत फरक पडला, हे कागदावर तारखेनिशी लिहा. आबांना लिहू द्या, अक्षर त्यांचं चांगलं असणार. गर्दीच्या ओपीडीत तुम्हाला तीन-चार मिनिटं मिळतील. तेवढ्यात बोलून जे सांगता येत नाही ते तो कागद सांगतो. डॉक्टर त्रागा करतील अशी भीती असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही जाता येतं. तिथे बीपीची तपासणी आणि नेहमीची औषधं मोफत मिळतात, नोंदही राहते.

तोवर घरी बीपी मोजा. दंडावर पट्टा बांधायचं मशिन घ्या किंवा आशाताईंची मदत घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ असे आठवडाभराचे आकडे मिळाले, की शिबिरातल्या गडबडीतल्या एका आकड्यापेक्षा डॉक्टरांना त्यांचा उपयोग जास्त. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर आबा उभे राहिल्यानंतरही एकदा मोजा. तीन मिनिटांत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहाने उतरत असेल, तर डोस जड होतोय हे डॉक्टरांना सांगायचं.

१७२/९८ हा आकडा आज रात्री धावपळ करायचा नाही, पण याच आठवड्यात दाखवायचा आहे. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला, तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तरी तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांतलं काहीही झालं, तर आकड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा. आबा म्हणतील, "मला काही होत नाही." बीपीची हीच अडचण आहे. खोकला रोज बोलून दाखवतो, पाय रोज दिसतात, आणि बीपी वर्षानुवर्षं मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या वाहिन्या झिजवतं तरी आवाज करत नाही. त्यामुळे माणसाला गोळीचा त्रास खरा वाटतो आणि आजार कागदावरचा.

या पत्रासारखीच पत्रं आणखी काही घरांतून येतात, म्हणून त्यांच्यासाठीही थोडं लिहिते. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा 'लॉल' गोळ्यांनी थकवा येतो, नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, दमेकऱ्यांचा दमा वाढू शकतो. पण त्या कधीही एकदम बंद करू नका, बीपी आणि हृदयाचे ठोके उसळी घेतात. क्लोनिडिन या बीपीच्या गोळीचंही तसंच. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सकाळी घेतल्या तर रात्रीची उठबस वाचते. वयस्क माणूस अशी गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत गोंधळल्यासारखा वागू लागला, तर त्याला 'म्हातारपण' म्हणून सोडू नका. रक्तातलं सोडियम तपासा. प्रिल किंवा सार्टन चालू असेल, तर 'लो सोडियम' मीठ विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. सैंधव मीठ चालतं असा समज आहे, पण सैंधवही मीठच आहे. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं-पापडही आले. प्रिल किंवा सार्टन सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं असतं. जुलाब-उलट्या लागल्या तर त्या चालू ठेवायच्या की नाही हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं. दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने ते डॉक्टरांना आधीच सांगायचं, कारण गरोदरपणात या गोळ्या बाळाला घातक असतात. प्रिल घेणाऱ्याचे ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला, तर तडक दवाखाना, आणि ती गोळी पुन्हा कधीच नाही. पुरुषांचा एक त्रास पत्रातसुद्धा आडून लिहिला जातो. शरीरसंबंधात अडचण येत असेल तर ती काही गोळ्यांनी येते, स्वतः बीपीने येते, कधी नुसत्या धास्तीनेही येते, आणि तिच्यावरही गोळी बदलून पाहता येते. सांगा मात्र. आम्ही हे ऐकायलाच बसलेलो असतो.

औषधाच्या त्रासाची नोंद सरकारकडेही करता येते. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरच कळवू शकतात असं नाही, रुग्ण आणि घरचेही कळवू शकतात.

आता काकडा. प्रिलचा खोकला गोळी बंद केल्यावर बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिने रेंगाळतो. आबांचा तीन आठवड्यांत निम्मा झालाय, म्हणजे वाटेवर आहे. कोजागिरीपर्यंत आवाज मोकळा होईल अशी मला बरीच आशा आहे. तेव्हाही तो तसाच राहिला, तर कारण दुसरं असेल आणि ते शोधावं लागेल. नवी गोळी सुरू झाली की पहिले काही दिवस पहाटे अंथरुणातून एकदम उठू देऊ नका. आधी काठावर बसायचं, दोन घोट पाणी प्यायचं, मग उभं राहायचं. काकड्याला देवळाच्या पायऱ्या अंधारात चढायच्या असतात, धाकट्या नातवाला सोबत पाठवा. आणि गुरुवारी डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.